उजवी कड सोडून मधोमध

१७ मार्च २०१९. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. बेंगळुरू एफसी आणि एफसी गोवा, दोघांनाही नव्वद मिनिटांत गोल करता आलेला नाही. जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता गोव्याचा अहमद जाहू दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर गेला. पाय जड झालेले आणि सगळ्यांच्या मनात पेनल्टी शूटआउट. ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला, गर्दीतून एक बचावपटू वर उठला आणि त्याने चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. बेंगळुरू १, गोवा ०. त्या क्लबचं ते इंडियन सुपर लीगमधलं पहिलं विजेतेपद. साखळीत अव्वल राहिलेल्या संघाने अंतिम सामनाही जिंकावा, असंही या स्पर्धेत पहिल्यांदाच घडलं. गोल करणारा राहुल भेके मुंबईचा, आणि गोल झाला तोही मुंबईतच.

ऐन वेळचा गोल म्हणून तो सर्वांच्या लक्षात आहे. मला त्या गोलआधीची काही वर्षं पाहावीशी वाटतात. कॉर्नरवर अशी उडी घेणारा माणूस सहसा सेंटर-बॅक असतो. भेकेचं नाव झालं ते मात्र राइट-बॅक म्हणून. एअर इंडिया, मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, मग केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी आणि २०१७मध्ये बेंगळुरू, असा त्याचा प्रवास. बेंगळुरूत असताना त्याचा लांब थ्रो-इन हे संघाचं एक शस्त्र होतं. उजव्या कडेने धावणारा, थ्रो-इन थेट गोलसमोर पोचवणारा, गरज पडली तर आत सरकून मधला किल्ला सांभाळणारा. या ‘गरज पडली तर’चं ‘तुझी जागा हीच’ कसं झालं, त्यात मला या खेळाडूचं खरं सौंदर्य दिसतं.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा फरक कबड्डीतून चटकन कळेल. उजव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाच्या एका बाजूला रेषा असते, आणि ती त्याच्या बाजूने खेळते. झटापटीआधी चढाईपटूचा पाय रेषेबाहेर पडला की तो बाद. म्हणून कोपरारक्षक त्याला कडेकडे ओढतो, घोट्यावर झेपावतो. त्याच मुलाला मध्यरक्षक केलं की रेषेची सोबत सुटते. चढाईपटू डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्याच्या खांद्यावरून ओळखावं लागतं. कोपऱ्याने पकड घातली तर क्षणात आधाराला धावायचं, नाही घातली तर जागचं हलायचं नाही. हात-पाय तेच, ताकद तीच, पण नजर नवी लागते.

फुटबॉलमध्ये राइट-बॅकच्या उजव्या हाताला टचलाइन असते. सगळा खेळ त्याच्या डावीकडे चाललेला. समोरचा विंगर आत येणार की कडेने जाणार, एवढे दोनच रस्ते. अंग तिरकं ठेवून त्याला कडेला लोटायचं, म्हणजे निम्मं काम झालं. त्याची पकड चुकली तर क्रॉस येतो, आणि क्रॉस अडवायला आत अजून माणसं असतात. सेंटर-बॅक चुकला तर पुढे फक्त गोलरक्षक. खेळ त्याच्या दोन्ही बाजूंना चालतो आणि मागची मोकळी जागाही त्यालाच सांभाळायची असते. म्हणून तो वारंवार मान वळवून पाहतो. प्रेक्षकांच्या नजरेत न भरणारी ही सवय नव्या सेंटर-बॅकला सर्वांत आधी लावून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. कडेचा खेळाडू ऐकतो, मधल्याला सांगावं लागतं. ऑफसाइडची रेषा कधी पुढे न्यायची, कोण सुटलाय, कोणी आत यायचं, ही हाक मधूनच निघते. जो मुलगा वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाकेवर धावला, त्याला हाक देणारा करणं हे शरीराहून स्वभावाचं काम आहे. भेके २०२१मध्ये मुंबई सिटीत आला. पहिल्या हंगामात त्याच्यासोबत मूर्तादा फॉल होता, त्याच्याहून उंच आणि मधल्या जागेवर मुरलेला. पुढे २०२३-२४च्या हंगामात भेकेच संघाचा कर्णधार झाला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबईने मोहन बागानला ३-१ हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक उचलला, तेव्हा हाक देणारा भेके होता. जागा बदलली आणि आवाजही बदलला.

आता पुन्हा त्या हेडरकडे. राइट-बॅक हेडर कुठे शिकला? उत्तर त्याच्या जुन्याच जागेत आहे. विरोधी संघ आपल्या डाव्या बचावफळीवर चढून येतो आणि तिकडून क्रॉस टाकतो, तेव्हा राइट-बॅक कड सोडून आत येतो आणि दूरच्या खांबापाशी उभा राहतो. तिथे त्याला आपल्याहून उंच स्ट्रायकरशी उडीची स्पर्धा करावी लागते. चेंडू लांबून येतो, मधल्या सगळ्या डोक्यांवरून, आणि उडी कधी घ्यायची हे ठरवायला क्षणभरच मिळतो. वर्षानुवर्षं राइट-बॅकने हे निमूटपणे केलेलं असतं. कौतुक क्रॉस अडवणाऱ्या सेंटर-बॅकचं होतं, दूरच्या खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. भेकेच्या हेडरमागे ही उमेदवारी आहे. प्रशिक्षकाने त्याला मधोमध आणलं तेव्हा त्याच्यात काही नवं घातलं नाही. जे होतं, ते दिसेल अशा जागी ठेवलं.

११ एप्रिल २०२२ला ते रियाधमध्ये पुन्हा दिसलं. एएफसी चॅम्पियन्स लीग, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. याच क्लबने २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षं लागोपाठ एएफसी कप जिंकला होता आणि त्यातल्या पहिल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला हरवलं होतं. इराकी संघ आधी पुढे गेला. ७०व्या मिनिटाला दिएगो मौरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांनी भेकेच्या हेडरने मुंबई सिटी २-१ पुढे. चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. त्या गटात मुंबई दुसरी आली. त्या गटफेरीत भारताला पहिला विजय देणारा गोल एका बचावपटूने डोक्याने केला, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली गेलेली नाही, असं मला वाटतं.

बाहेरच्या जगात या वाटेने गेलेली मोठी नावं आहेत. सर्जिओ रामोस रेआल माद्रिदमध्ये बरीच वर्षं राइट-बॅक होता, नंतर मधोमध आला. २०१४च्या चॅम्पियन्स लीगच्या लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात, नव्वद मिनिटं उलटल्यावर, मॉद्रिचच्या कॉर्नरवर त्याने बरोबरीचा हेडर मारला आणि सामना पुढे नेला. हाविएर मास्चेरानो मधल्या फळीतला, तो बार्सिलोनात सेंटर-बॅक झाला. पण आपल्यासाठी जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. मंदार राव देसाई डाव्या कडेचा आक्रमक खेळाडू. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे आणून लेफ्ट-बॅक केलं. त्याच जागेच्या बळावर तो राष्ट्रीय संघात पोचला आणि इंडियन सुपर लीगमध्ये शंभर सामने खेळणारा पहिला खेळाडू ठरला.

आता सर्वांत कठीण परीक्षेकडे, कारण फक्त जिंकलेल्या सामन्यांवरून रसग्रहण पुरं होत नाही. १३ जानेवारी २०२४, कतारमध्ये एएफसी आशिया कप, भारताचा पहिलाच सामना ऑस्ट्रेलियाशी. मधोमध संदेश झिंगन आणि राहुल भेके. उजव्या कडेला मुंबईचाच निखिल पुजारी, जो क्लबमध्ये विंगर म्हणून खेळला होता आणि मागे येऊन राइट-बॅक झाला होता. म्हणजे भारताच्या त्या बचावफळीची उजवी बाजू जागा बदललेल्या दोघांनी सांभाळली होती. कडेवरून मध्यात आलेला एक, पुढून मागे आलेला दुसरा. पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाला एकही गोल करता आला नाही. क्रॉसमागून क्रॉस येत होते, झिंगन आणि भेके ते परतवत होते.

या पूर्वार्धात भेकेकडे बारकाईने पाहावं. पुजारी वर गेला की त्याच्या मागे मोकळी जागा उरते. साधा सेंटर-बॅक तिकडे जायला बिचकतो, कारण कडेला ओढलं गेलं की त्याला परका मुलूख वाटतो. भेकेला तो मुलूख परका नाही. तिथे किती वेगाने जायचं, विंगरला कुठल्या पायावर घ्यायचं, कधी नुसतं अडवून धरायचं आणि कधी झेपावायचं, हे त्याच्या अंगात जुन्या जागेमुळेच मुरलेलं. पुढच्या खेळाडूला वर जायचं धैर्य मिळतं ते मागे असा माणूस आहे म्हणून. सेंटर-बॅक म्हणूनच वाढलेल्या खेळाडूकडे ही गोष्ट क्वचित असते.

उत्तरार्धात, ५०व्या मिनिटाला, उजवीकडून आलेला क्रॉस गोलरक्षक गुरप्रीतने हाताने बाहेर काढला, पण तो पुरेसा लांब गेला नाही. जॅक्सन अर्विनने गोल केला. ७३व्या मिनिटाला जॉर्डन बॉसने दुसरा. भारत ०-२ हरला, पुढे उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१. तीन सामने, एकही गोल नाही. एक-दोन खेळाडूंची जागा बदलून संघाची उणीव भरून निघत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं. पण ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती पहिली पन्नास मिनिटं बचाव शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहावीत. हरलेल्या सामन्यातही शिकण्याजोगा खेळ असतो, आणि बचावपटूचा तर बहुतेक वेळा तिथेच असतो.

खान्देशात हे सगळं कशासाठी सांगायचं? जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना एक मुलगा नक्की आठवेल. प्रत्येक कॉलेजच्या संघात तो असतो. क्रिकेट, कबड्डी, ॲथलेटिक्समधून मुलं उसनी आणून अकराचा आकडा जमवावा लागतो, तिथे हा सगळीकडे चालतो. गोलरक्षक आला नाही, याला उभं करा. लेफ्ट-बॅकच्या पायाला गोळा आला, याला पाठवा. सामन्याआधी पाच मिनिटं सर खांद्यावर हात ठेवून सांगतात, ‘भो, तू आते मांगे खेयजो.’ तो मान डोलावतो आणि खेळतो. तीन वर्षांनी कॉलेज संपतं, सगळ्या जागांवर खेळून झालेलं असतं, पण आपण नेमके कोण, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हा त्या सरांचा दोष नाही. मैदान उन्हाळ्यात दगडासारखं, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, चेंडू मोजके, सरावाला वेळ थोडा. पण अशा मुलाला सगळ्यांत जास्त लक्ष हवं असतं आणि त्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी येतं, कारण तो तक्रार करत नाही. भोकं बुजवण्यासाठी त्याला हलवणं आणि त्याच्यातलं काही ओळखून त्याला नव्या जागी नेणं, या दोन गोष्टी मैदानाबाहेरून सारख्या दिसतात. त्या मुलाच्या आयुष्यात मात्र त्यांचं वजन फार वेगळं असतं.

म्हणून आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. जागा बदलायची असेल तर सामन्याच्या सकाळी बदलू नका, सत्र सुरू होताच बदला. का बदलतोय ते त्या मुलाला समोर बसवून सांगा: तुझा हेडर चांगला आहे, तुला मागचं दिसतं, तू घाबरत नाहीस. जे असेल ते नाव घेऊन सांगा. त्याच्या शेजारी त्या जागेवर मुरलेला एक जण द्या. पहिल्या दोन-तीन चुकांवर त्याला परत कडेला पाठवू नका, पुरा हंगाम त्या जागी राहू द्या. आणि सराव संपल्यावर दहा मिनिटं थांबून भेकेचे ते दोन हेडर आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो पूर्वार्ध मोबाइलवर त्याला दाखवा.