गेम अपडेट झालाय, पण स्पर्धा बारा दिवसांवर आहे

गेल्या महिन्यात चार दिवस घरी गेले होते. घर बारामती–इंदापूर रस्त्यावर, निमगाव केतकीच्या अलीकडे. पोचले त्याच संध्याकाळी आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांचा फोन. "डॉक्टर, उद्या मीटिंगला ये. तुझं आकड्यांचं डोकं लागणार आहे." (पीएचडी संपायला अजून दोन वर्षं आहेत. पण गावात मी प्रवेश घेतला त्या दिवसापासूनच डॉक्टर आहे.)

विषय होता गावच्या खो-खो स्पर्धेचा. सतरा वर्षांखालच्या मुलामुलींचे संघ, आसपासच्या गावांतल्या शाळा, मुरमाचं मैदान. प्रवेशिका आल्या होत्या, भाग्यपत्रिका निघाली होती, बारा दिवस उरले होते. आणि समितीतल्या तरुण पोरांनी प्रस्ताव मांडला होता की यंदा अल्टिमेट खो-खोचे नियम लावायचे. त्यातला एक म्हणाला, "सर, गेम अपडेट झालाय आणि आपण अजून जुन्या व्हर्जनवर खेळतोय."

त्या दोन तासांत जे युक्तिवाद ऐकले, ते तुमच्या संशोधनाच्या तयारीत उपयोगी पडतील असं वाटलं. नियम चांगले की वाईट यावर मला इथे फारसं बोलायचं नाही. बदल स्वीकारण्यासाठी जी कारणं दिली गेली, ती कितपत टिकतात हे पाहायचं आहे.

आधी, काय बदललं?

आपला नेहमीचा खो-खो तुम्हाला माहीत आहे. वरिष्ठ गटात एक आक्रमण ९ मिनिटांचं. गडी बाद झाला की १ गुण, मग तो कसाही बाद करा. पळणाऱ्यांना गुण नाहीत, त्यांची कमाई म्हणजे वेळ. आणि उठलेल्या आक्रमकाने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही.

अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम ऑगस्ट–सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीला झाला. तिथे आक्रमण ७ मिनिटांचं केलं. साध्या स्पर्शाला २ गुण आणि सूर मारून बाद केलं तर ३. 'वझीर' नावाचा आक्रमक आला, जो कोणत्याही दिशेने धावू शकतो. पॉवरप्लेमध्ये असे दोन वझीर. पळणारी तुकडी ठरावीक वेळेच्या पुढे टिकली तर संरक्षकांनाही गुण. आणि हे सगळं मॅटवर, दिव्यांच्या प्रकाशात.

म्हणजे हा एक बदल नाही, गाठोडं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"तिथे सामने रंगतदार झाले, म्हणून आपल्याकडेही होतील"

प्रस्तावाचा मुख्य आधार हाच होता. आता याला एक परीक्षक म्हणून वाचा.

लीगमध्ये नियम बदलले हे खरं. पण त्याच वेळी मैदान बदललं, खेळाडू देशभरातून निवडून आले, प्रशिक्षक, कॅमेरे, समालोचन सगळं नवं आलं. सामने रंगले असतील, तर त्यातलं किती श्रेय नियमांचं? एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या असतील, तर निकालाचं श्रेय त्यातल्या एकीला देता येत नाही. शेतात नवं बियाणं, नवं खत आणि ठिबक एकाच हंगामात आणलं आणि ऊस वाढला, तर शेजाऱ्याला "बियाणं घे" असं छातीठोक कसं सांगणार? आमच्या भागात हे कुणीही शेतकरी विचारतो. प्रबंधात मात्र आपण ते विसरतो.

दुसरा मुद्दा आला गुणांचा. "तिथे चाळीस-पन्नास गुण होतात, आपल्याकडे पंधरा-वीस." अहो, एका गड्याला दोन गुण दिले तर आकडा दुप्पट होणारच! बाद झालेले गडी तेवढेच असू शकतात. मोजपट्टी बदलली आणि वस्तू वाढली असं आपल्याला वाटलं, एवढंच. डेअरीवर फॅटचं मशीन बदललं आणि दुसऱ्या दिवशी फॅट वाढलं, तर म्हैस सुधारली असं कोणी म्हणत नाही. आधी मशीनकडे बघतात.

४६–४५

मग कोणीतरी त्या हंगामाचा अंतिम सामना काढला. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज, ४ सप्टेंबर २०२२. शेवटची दीड मिनिटं उरली होती आणि तेलुगू योद्धाज ४५–४३ ने पुढे होते. ओडिशाच्या सूरज लांडेने सूर मारून गडी टिपला, ३ गुण, आणि ओडिशाने सामना ४६–४५ असा जिंकला. यापेक्षा रंगतदार काय असणार?

इथे विरोधी गटातल्या एका काकांनी लगेच हिशेब केला. "सुराला जास्तीचा गुण नसता तर ४५–४५. म्हणजे नियमाने सामना जिंकला, संघाने नाही."

दोन्ही बाजू इथे घसरल्या. घसरण समजून घेण्यासारखी आहे.

काकांनी एकाच सुराचा जास्तीचा गुण वजा केला. सामन्यात इतर सूरही पडले असणार, दोन्ही संघांचे. वजा करायचे तर सगळेच करावे लागतील. आणि तेही करून भागत नाही. सुराला ३ गुण आहेत हे माहीत असल्यामुळेच खेळाडू सूर मारायला गेले. गुण सारखे असते तर काही जण धावत राहिले असते, काही खो देऊन मोकळे झाले असते, संरक्षक वेगळ्या जागी उभे राहिले असते. नव्या नियमांखाली झालेल्या खेळाचा हिशेब जुन्या नियमांनी करता येत नाही, कारण नियम फक्त खेळ मोजत नाही, तो खेळ घडवतोही. सर्वेक्षणात प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तरंही बदलतात, ती हीच गोष्ट.

हे कळलं की खरा प्रश्न समोर येतो. आपल्या स्पर्धेत आपण मोजतोय काय? जुन्या नियमांत पळणाऱ्याची साखळी या गृहीतावर उभी असते की आक्रमक मागे वळू शकत नाही. एकेरी साखळी घोटायला मुलं महिनोन् महिने घालवतात. वझीर आला की ते गृहीतच जातं. त्यात वाईट काही नाही, ते वेगळं कौशल्य आहे. पण ज्या मुलींनी जूनपासून साखळी घोटली, त्यांना बारा दिवस आधी "आता वेगळं मोजणार" असं सांगणं म्हणजे अभ्यासक्रम एक शिकवून पेपर दुसरा काढणं.

आणि मुरुम. लीगमध्ये सूर मॅटवर पडतो. आमच्याकडे सुराला एक गुण जास्त द्यायचा म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना मुरमावर अंग टाकायचं बक्षीस लावायचं. या प्रस्तावात कोपर-गुडघ्यांचा विषयच नव्हता. मी शाळेत खेळत होते, माझ्या डाव्या कोपरावर अजून खूण आहे. तेव्हा तर सुराला जास्तीचा गुणही नव्हता.

वेळ चुकली की चांगलं अपडेटही नडतं

व्हिडिओ गेमच्या जगात हे घडून गेलंय. डिसेंबर २०१८ मध्ये फोर्टनाइटमध्ये 'इन्फिनिटी ब्लेड' नावाची तलवार आली, नेमकी १० लाख डॉलर बक्षिसांच्या 'विंटर रॉयल' स्पर्धेच्या तोंडावर. ती ज्याच्या हाती पडे तो इतका भारी ठरायचा की खेळाडूंनी आरडाओरडा केला. एपिक गेम्सने चूक मान्य करून काही दिवसांतच तलवार काढून टाकली. पण स्पर्धेतले सामने तोवर खेळून झाले होते.

उलट बाजूचं उदाहरण बॅडमिंटनचं. २१ गुणांच्या तीन गेमऐवजी ११ गुणांचे पाच गेम, हा प्रस्ताव जागतिक संघटनेत मे २०२१ मध्ये मताला आला. २८२ पैकी १८७ मतं बाजूने पडली, म्हणजे ६६.३१ टक्के. दोन-तृतीयांश लागत होती. थोडक्यात हुकलं आणि बदल झाला नाही. निर्णय पटो न पटो, किती पाठिंबा लागेल हे मोजणीच्या आधी ठरलेलं होतं. आमच्या मीटिंगमध्ये तेच ठरलेलं नव्हतं.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगणं सोपं असतं. एका सीनियरने २०१८ मध्ये लिहिलेला आरचा कोड मी वापरायला घेतला. सीड तोच, डेटा तोच, तरी आकडे जुळेनात. चार दिवस डेटामध्ये चूक शोधत बसले. शेवटी कळलं की एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या आर ३.६.० मध्ये यादृच्छिक नमुना काढायची मूळ पद्धतच बदलली आहे. जुन्या पद्धतीत एक बारीक पक्षपात होता, तो दुरुस्त केला होता. म्हणजे अपडेट योग्यच होतं. चूक माझी होती. कोणत्या व्हर्जनवर काम झालंय हे मी विचारलं नव्हतं आणि सीनियरने लिहिलं नव्हतं.

"परंपरा आहे" हेही कारण नाही

जुन्या नियमांच्या बाजूचे लोकही मला पटले नाहीत. "पूर्वापार असंच आहे" हे खरं नाही. खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधले. म्हणजे तेही कधीतरी अपडेटच होतं. आणि तरुणांचा एक मुद्दा वजनदार होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तोही वेगवान, नव्या धाटणीचा. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. आपल्या पोरींना तिथवर जायचं असेल तर वझीर कधी शिकणार?

प्रश्न योग्य आहे. फक्त त्याचं उत्तर "बारा दिवसांत" असं येत नाही.

शेवटी काय ठरलं

मुख्य स्पर्धा जाहीर केलेल्या जुन्या नियमांनीच. रविवारी सकाळी एक प्रदर्शनी सामना, त्यात फक्त वझीर घ्यायचा. सुराचा जादा गुण नाही. एका वेळी एकच बदल. पुढच्या वर्षीचे नियम भाग्यपत्रिकेच्या वेळी नाही, तर प्रवेशिका मागवतानाच छापायचे.

प्रदर्शनी सामना मीही पाहिला. खरं सांगते, मजा आली. दिशा बदलून वझीर अंगावर आला तेव्हा साखळीतली पोरगी जागच्या जागी गोंधळली, आणि दुसऱ्याच तुकडीने आपणहून साखळी मोडून गोल धरला. बारा मिनिटांत मुलं शिकत होती. मी मीटिंगमध्ये एवढी भांडले, त्यात मुलांच्या या चपळाईचा अंदाज मला नव्हता. पण हे कळलं ते एकच गोष्ट बदलली होती म्हणून. सगळं गाठोडं सोडलं असतं तर काय कशामुळे झालं, काहीच कळलं नसतं.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर एक छोटं काम करा. तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा: मी नेमकं काय मोजणार आहे, कोणत्या साधनाने आणि कोणत्या व्हर्जनवर, आणि मध्येच काही बदलायचं झालं तर ते कोण, कधी ठरवणार. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात कंटाळा येतो. आमच्या समितीच्या वहीतही तीच ओळ नव्हती. आता आहे.