पडद्यावरची माणसे आपली का वाटतात?

हाईम हेर्झोग ज्या डब्लिन शहरात लहानाचे मोठे झाले, तिथे आता आमची लेक संसार करते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही दोघे नवरा-बायको तिच्याकडे सहा आठवडे राहून आलो. तिथल्या हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाहेर पाऊस, लेक-जावई कामावर, रस्ते अनोळखी. शेजारच्या आयरिश आजी आम्हाला संध्याकाळी चहाला बोलवायच्या आणि टीव्ही लावायच्या. त्यांच्या घरी आम्ही 'ऑपरेशन ट्रान्सफॉर्मेशन' हा कार्यक्रम पाहू लागलो. तिसऱ्या आठवड्यात पाहतो तो काय, आमच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी! कारण काय, तर एका परक्या बाईचे वजन त्या आठवड्यात उतरले नव्हते.

घरी परतल्यावर आम्हाला स्वतःचेच हसू आले. पण आम्ही दोघेही सत्तरीचे, चार पावसाळे पाहिलेली माणसे. आम्ही अडकलो, तर त्यात काहीतरी विचार करण्यासारखे असले पाहिजे. म्हणून हा लेख.

वाचकांसाठी आधी कार्यक्रमाची माहिती सांगतो. आर. टी. ई. या आयर्लंडच्या सार्वजनिक वाहिनीने तो २००८ मध्ये सुरू केला आणि २०२४ मध्ये बंद केला. सुरुवातीला जेरी रायन हे तिथले लोकप्रिय रेडिओ निवेदक त्याच्याशी जोडलेले होते, पुढे बरीच वर्षे कॅथरिन थॉमस यांनी सूत्रसंचालन केले. दर जानेवारीत देशभरातून काही साधी माणसे निवडत. कोणी शिक्षिका, कोणी शेतकरी, कोणी तीन मुलांची आई. त्यांना 'लीडर' म्हणत. त्यांना जेवणाचा आणि व्यायामाचा आराखडा दिला जाई, आणि दर आठवड्याला तज्ज्ञांसमोर वजनकाट्यावर उभे केले जाई. इथे कोणाला मते देऊन घरी पाठवत नसत. प्रेक्षकाने आपला एक लीडर निवडायचा, तोच आराखडा घरी पाळायचा आणि त्याच्याबरोबर आपलेही वजन करायचे. आमच्या शेजारच्या आजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आकडे लिहीत, एक स्वतःचा आणि एक त्या बाईचा.

यातच अडकण्याचे पहिले कारण दिसते. माणूस आठवड्यामागून आठवडे आपल्या घरात येतो, स्वयंपाकघरात उभा राहून आपल्याशी बोलतो, आपली दुखणी सांगतो. मनाला तो पाहुणा वाटू लागतो. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी या एकतर्फी ओळखीवर लेख लिहिला होता. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही, तरी माया मात्र खरी असते. त्यांनी लिहिले ते रेडिओ-टीव्हीच्या निवेदकांबद्दल. आज पडद्यावर निवेदक नसून आपल्यासारखेच कोणीतरी असते, म्हणून ती ओळख आणखी दाट होते.

आयर्लंडमध्ये तर ती फारच दाट. २०२२च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या ५१ लाख भरली. आपल्या मुंबईपुढे ती काहीच नाही. एवढ्याशा देशात पडद्यावरची बाई कोणाच्या तरी मामेबहिणीची शेजारीण निघतेच. आजी पहिला प्रश्न विचारायच्या तो "ही कुठली?" असा. आम्हाला लगेच आपली माणसे आठवली. आपल्याकडेही आडनाव ऐकले की पेणकर की रेवदंडेकर, हे ठरवल्याशिवाय पुढे बोलणे होत नाही. गाव कळले की माणूस आपला झाला.

दुसरे कारण म्हणजे अर्धवट राहिलेली गोष्ट. ब्लूमा झायगार्निक या लिथुआनियात जन्मलेल्या ज्यू मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अपुरे राहिलेले काम पुरे झालेल्या कामापेक्षा मनात जास्त घोळते, असे त्यांना आढळले. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसे निघाले नाही, पण टीव्हीवाल्यांनी मात्र हा धडा पक्का गिरवला आहे. काट्यावर पाय ठेवला की जाहिरात!

२००१-०२ मध्ये आर. टी. ई.वर 'पॉपस्टार्स' झाला. परीक्षकांनी निवडलेल्या सहा तरुणांत डेरीची नदीन कॉइल होती. वयाची अट १८ वर्षांची, ती १६ची. कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता तिने आपली खरी जन्मतारीख सांगून टाकली, मग पासपोर्ट सापडत नाही अशी सबब सांगितली, आणि शेवटी जागा गमावली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या स्पर्धेतून, या वेळी प्रेक्षकांच्या मतांवर, ती 'गर्ल्स अलाउड'मध्ये गेली आणि २००२च्या नाताळात त्यांचे पहिलेच गाणे तिथे पहिल्या क्रमांकावर आले. आमच्या लेकीच्या कचेरीतले लोक आजही तो पासपोर्टचा प्रसंग चवीने सांगतात. सांगणारे हसतात, पण सोळा वर्षांच्या मुलीची ती फजिती होती, हे कोणी म्हणत नाही.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे कार्यक्रम त्या माणसाच्या नशिबाचा एक लहानसा तुकडा आपल्या हातात देतात. मत द्या, बरोबर चाला, पाठिंब्याचे पत्र पाठवा. ज्याच्यासाठी आपण काही केले, तो आपल्याला प्यारा होतो. कुंडीतल्या रोपाला पाणी घालणाराच त्याची काळजी करतो, तसेच हे.

या मायेने भलेही होते, हे नाकारता येत नाही. किल्डेअर परगण्यातल्या रथँगन गावचा ब्रायन डाउलिंग हा विमानात हवाई सेवकाचे काम करणारा, समलिंगी तरुण २००१ मध्ये ब्रिटनचे 'बिग ब्रदर' जिंकला. आयर्लंडने समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढले ते १९९३ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ वर्षांपूर्वी. २०१५ मध्ये त्याच देशाने अशा विवाहांना सार्वमताने मान्यता दिली. याचे श्रेय एका कार्यक्रमाला देणे भाबडेपणाचे होईल. पण ज्यांनी आयुष्यात असा माणूस जवळून पाहिला नव्हता, त्यांनी त्याला दोन महिने हसताना, रुसताना, भांडी घासताना पाहिले, हेही काही थोडे नव्हे.

मात्र त्या तुकड्याचा खेळही होतो. २००३ मध्ये आर. टी. ई.ने 'केबिन फीव्हर' काढला. स्पर्धकांनी शिडाचे जहाज आयर्लंडभोवती हाकायचे आणि प्रेक्षकांनी मते देऊन एकेकाला चाच्यांच्या गोष्टीप्रमाणे फळीवरून पाण्यात धाडायचे. जूनमध्ये डोनेगॉलच्या टोरी बेटाजवळ ते जहाज खरोखरच खडकावर आदळले. सुदैवाने सगळे सुखरूप बचावले. पुढे दुसरे जहाज आणून स्पर्धा चालू ठेवली! आपण कोकणातली माणसे. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावला फुटले, ही आठवण आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. जहाज फुटल्यावर आता मत कोणाला, असे आपल्याला विचारवेल का? समुद्राने दाखवून दिले की फळीवरची माणसे खरी होती. तेवढे कळल्यावर तरी थांबायला हवे होते, असे आमचे मत आहे.

'ऑपरेशन ट्रान्सफॉर्मेशन'चा निवाडाही आम्ही याच मापाने करतो. त्याची चांगली बाजू म्हणजे त्याने माणसांना घराबाहेर काढले. गावोगावी लोक एकत्र चालू लागले. आमच्या आजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आणखी चार बायकांबरोबर पावसात फेरी मारत. वाईट बाजू म्हणजे तो काटा. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, सगळ्या देशासमोर आकड्यावर उभे राहायचे आणि आकडा हलला नाही तर मान खाली घालायची. खाण्याच्या विकारांनी त्रस्त झालेल्यांना मदत करणारी तिथली 'बॉडीवाइज' ही संस्था या कार्यक्रमाबद्दल चिंता व्यक्त करत आली होती. ती चिंता आम्हाला पटते. आम्ही रडलो तेव्हा त्या बाईला आमच्या रडण्याचा उपयोग काहीच नव्हता. वाहिनीला मात्र होता.

हे सगळे परदेशचे म्हणून सोडून देऊ नका. २००३ मध्ये 'कोखाव नोलाद'मध्ये किर्यात गातची निनेत तायेब जिंकली, तेव्हा आपल्या दिमोना-येरुहामच्या घरांतूनही आनंद झाला. मोठ्या शहरवाल्यांनी विसरलेल्या गावातली पोर, म्हणून ती आपली. २००९ मध्ये झी मराठीवर आळंदीची छोटी कार्तिकी गायकवाड जिंकली, तेव्हा इथे अश्दोदमध्येही आपल्या आज्यांनी डोळे पुसले.

आणि आपल्याला गोष्टीत गुंतायला टीव्हीने शिकवले असेही नाही. १८८०च्या सुमारास आपल्या समाजात कीर्तने सुरू झाली. योसेफला भाऊ विकतात, तिथे आमची आजी दर वेळी पदर डोळ्यांना लावायची. पुढे तो मिसरात मोठा होणार, हे तिला पाठ होते, तरीही. पण तिथे रडायला सगळे एका सतरंजीवर बसलेले असत. कीर्तन संपले की कोण आजारी आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, याची चौकशी तिथेच होई. गोष्टीने ओले झालेले मन शेजाऱ्याच्या कामी येई.

आम्ही डब्लिनहून परत आलो, तेव्हा कळले की आमच्याच इमारतीतल्या, खालच्या मजल्यावरच्या बाई तीन आठवडे इस्पितळात होत्या. त्या सहा आठवड्यांत आम्ही पडद्यावरच्या बाईचे वजन ग्रॅमपर्यंत पाठ केले होते. यांना मात्र एक फोनही केला नव्हता. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. "तुम्ही लेकीकडे होता ना," एवढेच म्हणाल्या. तेच जास्त लागले.

तेव्हा वाचकहो, हे कार्यक्रम पाहू नका, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्हीही पाहतोच. त्यात गुंतणारा मूर्ख नसतो. त्याच्याजवळ माया शिल्लक असते आणि ती ठेवायला जवळपास जागा सापडलेली नसते, एवढेच. आता आमच्या घरी एक नियम आहे. कार्यक्रम संपला की टीव्ही बंद करायचा आणि ओळखीच्या एका माणसाला फोन लावायचा. खालच्या बाई आता कधी कधी आमच्याकडेच येऊन बसतात. कोण जिंकेल यावर आमचे भांडण होते, आणि चहा दोनदा होतो.