राजमुद्रा आणि स्वाक्षरी

परकीय राजवटीत मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या भारतीयाकडे आपण सहसा दोनच नजरांनी पाहतो : कौतुकाच्या, नाही तर संशयाच्या. चिंतामणराव देशमुख यांचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे इंग्रजी आत्मचरित्र वाचताना या दोन्ही नजरा अपुऱ्या पडतात, असे आम्हांस वाटते.

रायगडाजवळील नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले आणि १९१८ मध्ये लंडनला आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिलेच. ही नोकरी सोडून राष्ट्रकार्यात पडावे, असे त्यांच्या मनात होते. तेव्हा लंडनमुक्कामी असलेल्या लोकमान्यांनीच, उद्याच्या स्वराज्याला या अनुभवाची गरज पडेल, असे सांगून त्यांना परावृत्त केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडात ते डेप्युटी कमिशनर व जमाबंदी अधिकारी झाले. जमाबंदी म्हणजे जमिनीचा कस पाहून शेतसारा ठरविणे. अधिकाऱ्याने एकदा लिहिलेला आकडा कुणब्याच्या घरी वर्षानुवर्षे मुक्काम करतो. अशा कामात हात न्यायी ठेवता येतो. परंतु तिजोरी परक्याची, हे कसे विसरावे? लेखकाची भाषा संयत व नेमकी आहे. तो तिचा गुण खरा. मात्र नेमक्या याच प्रश्नापाशी हा संयम आम्हांस मौनासारखा भासतो. कामाचा हिशेब मिळतो, मनाचा अपुरा राहतो.

१९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर मुखवटा सहाव्या जॉर्जचा आणि स्वाक्षरी देशमुखांची! नाण्यावर छाप कोणाची, हा शुभवर्तमानातील प्रश्न आमच्या वाचकांस परका नाही.

त्यांचे उत्तर आम्हांस त्यांच्या कृतीत सापडते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्रशासित करण्याचे धोरण न पटल्याने १९५६ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रिपद सोडले. कुलाब्याच्या मतदारांचे ते प्रतिनिधी होते. सरकार स्वकीयांचे असले तरी आज्ञापालनाला मर्यादा असते, हे त्यांनी दाखवून दिले. या प्रसंगाच्या उजेडात आधीची पाने पुन्हा वाचली, की त्या मौनाआडची सदसद्विवेकबुद्धी जाणवू लागते.

आमच्या नौपाड्यातील मुले आज स्पर्धा परीक्षांना बसतात. पालकांनी हा ग्रंथ त्यांच्या हाती अवश्य द्यावा. पहिला क्रमांक थोड्यांनाच मिळेल. पण खुर्ची कशासाठी धरावी आणि केव्हा सोडावी, हा विचार प्रत्येकाला करावाच लागतो.