‘होलोग्राम’ नावाची गफलत

प्रदर्शनांतून ‘होलोग्राम’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की, अंधारात अधांतरी दिसणारी कोणतीही आकृती होलोग्रामच असावी, असा प्रेक्षकांचा समज झाला आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळील छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फूट उंचीचा ‘होलोग्राम पुतळा’ अनावृत झाला. वस्तुतः ती ३०,००० ल्युमेनच्या प्रक्षेपकाने ९० टक्के पारदर्शक पडद्यावर पाडलेली प्रतिमा होती. (त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तेथे ग्रॅनाइटचा पुतळा आला.)

होलोग्रामची जात वेगळी. डेनिस गॅबॉर यांनी १९४७ मध्ये ही पद्धती शोधली, १९६० नंतर लेसरमुळे ती फलद्रूप झाली आणि १९७१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. छायाचित्रात प्रकाशाची केवळ तीव्रता नोंदली जाते. होलोग्राममध्ये वस्तूवरून आलेल्या प्रकाशलहरींची कलाही नोंदली जाते. म्हणूनच पाहणारा बाजूला सरकला की पुढच्या वस्तूआड दडलेली मागची वस्तू दिसू लागते. मात्र अशी प्रतिमा रिकाम्या हवेत कोठूनही दिसत नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेत ती पट्टी असावीच लागते.

प्रदर्शनांत सहसा आढळते ते याहून जुने. २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी, हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेत सुधारणा करून, रंगमंचावर भूत दाखविले. तिरकी काच, खाली दडलेला प्रकाशित नट आणि त्याचे प्रतिबिंब, एवढीच ती युक्ती. २०१२ मध्ये अमेरिकेतील कोचेला महोत्सवात दिवंगत गायक टुपाक शकूर ‘अवतरला’, तोही असाच. काचेच्या जागी पातळ पारदर्शक पटल होते, इतकेच.

युक्तीला आमचा आक्षेप नाही, नावाला आहे. होलोग्राम म्हटले की प्रेक्षक त्यास प्रत्यक्ष व्यक्तीवरून घेतलेली नोंद समजतो. लेसरच्या आधी निवर्तलेल्या व्यक्तीची अशी नोंद असूच शकत नाही. दिसतो तो नट किंवा संगणकाने घडविलेली आकृती, आणि तिच्या तोंडची वाक्ये कोणी लिहिली हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. शिवाय प्रतिबिंब ठळक दिसावे म्हणून दालन अंधारे ठेवावे लागते. शेजारच्या पेटीतील मूळ हस्तलिखित मग वाचता येत नाही. अस्सल वस्तू काळोखात आणि नक्कल उजेडात, अशी ही मांडणी! हस्तलिखितासाठी निराळे, वाचण्याजोगा प्रकाश असलेले दालन हवे. आणि प्रतिबिंबाच्या दाराशी नट कोण, आवाज कोणाचा व मजकूर कोणत्या पत्रातून वा भाषणातून घेतला, हे सांगणारा फलक हवा.