वर्गातले हसू

दिवाळी अंकात विनोदाला पान राखून ठेवण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. मी आज ज्या विनोदाविषयी लिहिणार आहे, तो मात्र चकलीच्या तुकड्याबरोबर सहजी घशाखाली उतरणारा नाही. हायस्कुलातील मुले ज्या हसण्याने एखाद्याला वर्गात घेतात आणि ज्या हसण्याने एखाद्याला वर्गाबाहेर काढतात, त्या हसण्याचा हा विनोद आहे. राहात्यासारख्या गावात ज्याचे सारे आयुष्य फळ्यापुढे गेले, त्याला हे हसू पाठ फिरवूनही ओळखता येते. खडूने तारीख लिहीत असताना मागे खसखस पिकते. वळून पाहावे, तर साठ चेहरे निष्पाप आणि एक चेहरा खाली घातलेला.

अमेरिकेत या विषयावर ‘हेदर्स’ नावाचा चित्रपट निघाला. डॅनियल वॉटर्सने लिहिलेला आणि मायकेल लेहमनने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 1989 साली तिकडे प्रदर्शित झाला. एका शाळेत हेदर याच नावाच्या तीन मुलींचे राज्य चालते. कोणी कोठे बसावे आणि कोणाला हसावे, हे त्या ठरवतात. व्हेरॉनिका नावाची चौथी मुलगी त्यांच्यात असूनही मनाने बाहेर असते. नव्याने आलेल्या एका मुलाच्या नादाने ती खुनापर्यंत पोचते, आणि ते खून आत्महत्या म्हणून खपून जातात. यातला काळा विनोद असा की, ज्यांचा जिवंतपणी सगळ्यांना धाक होता, ती मुले मेल्यावर एकदम हळवी आणि थोर ठरतात, शिक्षकसुद्धा गहिवरतात. चित्रपट धारदार आहे. पण तो पाहताना मी जरा अलिप्तच राहिलो. तिथली प्रतिष्ठा कपड्यांवर, रूपावर आणि पैशावर उभी आहे, आणि म्हणूनच ती मिळवता येते आणि घालवताही येते. आमच्या भागातील मुलाला इतकी मोकळीक नसते.

त्या दृष्टीने आपला चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. तो 2013 साली तयार झाला आणि 2014 च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. त्याचे गाव आमच्याच जिल्ह्यातले, नगरजवळचे अकोळनेर. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. गावातील वस्त्यांच्या जागा मात्र अजून ओळखीच्या आहेत. कैकाडी कुटुंबातील जब्या वर्गातल्या शालूवर जीव टाकतो. दोघांत बोलणे असे होतच नाही. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर, आणि डुकरे धरण्याचे काम गाव या घराकडूनच करून घेते. जाहिरातींचा थाट कोवळ्या प्रेमकथेचा होता, आणि पुष्कळ जण तशाच अपेक्षेने तिकिटे काढून आत गेले. माझ्या मते ही प्रेमकथा फार थोडी आहे. वर्गात आपले स्थान काय, हे शोधणाऱ्या मुलाची ती कथा आहे.

जब्याचा सगळा खटाटोप पाहा. त्याला जीन्सची पँट हवी आहे. लांब शेपटीच्या काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते, असे त्याला सांगण्यात आलेले असते, म्हणून तो आणि त्याचा दोस्त पिऱ्या गलोल घेऊन रानोमाळ हिंडतात. हा भाग गोड आहे, थोडा लांबलाही आहे. परंतु त्यातली खूण चुकवू नये. गणवेशात सगळी मुले सारखी दिसतात, आणि जब्याची सारी आशा त्या सारखेपणावर उभी आहे. शाळेत चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो. शाळा सुटली की जो तो आपापल्या वस्तीत जातो. जत्रेत जब्या भान विसरून नाचत असतो, तोच बाप त्याला डोक्यावर बत्ती धरायला बोलावतो. त्या बत्तीच्या उजेडात सगळ्यांना सगळे दिसते.

मग डुक्कर धरण्याचा तो दीर्घ प्रसंग. मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा म्हणून कचऱ्याने हे काम पत्करले आहे. ते चालते शाळेशेजारी, आणि शाळेची पोरे एखाद्या सामन्याला जमावे तशी बघायला जमतात. जब्या लपतो, बाप त्याला फरफटत बाहेर आणतो. बघ्यांत शालूही आहे, आणि तीही हसते. शालूला काही मनच दिलेले नाही, अशी तक्रार कोणी केली तर ती मला पटणार नाही. वर्गातले लाडके मूल दुरून पाहणाऱ्याला असेच दिसते, नुसता चेहरा आणि त्यावरचे हसू. ऐन पाठलागात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. चित्रपटगृहात या क्षणी लोक हसतात. विनोदाच्या सगळ्या नियमांनी तो विनोदच आहे. पण हसताना आपण कोणाच्या बाकावर जाऊन बसलो, हे कळायला थोडा वेळ लागतो.

पुढे बांबूला लटकवलेले डुक्कर घेऊन ही माणसे चालतात, ती आंबेडकर, फुले यांच्या भिंतीवरील चित्रांवरून. येथे दिग्दर्शक प्रेक्षकाचे बोट धरतो. हा फटका एवढा ठसठशीत नसता तरी चालले असते. त्या घटकेपर्यंत त्याने आपल्याला पुरेसे पाहायला शिकवलेले असते. किशोर कदमांच्या कचऱ्याची वाकलेली पाठच तेथे पुरे होती.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही 2004 ची कादंबरी या विषयाला जवळची आहे. आणीबाणीच्या काळातील ती मुले चेष्टा करतात, टोपणनावे ठेवतात, मार खातात. वाचताना आपण हसतो आणि पुढे हळहळतो. तिच्याविषयी मला आदर आहे. पण तिथल्या जोशीला वर्गात बसण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. जब्याला तो रोज विचारला जातो, आणि विचारणारे हसत असतात, म्हणून उत्तर देता येत नाही.

शेवटी जब्या उत्तर देतो, ते दगडाने. पहिले दगड चिडवणाऱ्यांवर आणि अखेरचा थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. सोमनाथ अवघडे या मुलाला या भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो केवळ या फेकीसाठी दिला असता तरी योग्य ठरला असता. ‘हेदर्स’मध्ये माणसे मरतात आणि आपण खुर्चीत सुखरूप असतो, येथे कोणी मरत नाही, आणि दगड मात्र आपल्या अंगावर येतो.

मुलांना हा चित्रपट दाखवावा का, असे पालक विचारतात. आठवी-नववीच्या मुलांना जरूर दाखवावा, आणि शेजारी बसून दाखवावा. डुकराचा पाठलाग सुरू झाला की पडद्याकडे थोडे कमी आणि मुलांकडे थोडे अधिक पाहावे. कोणी मोठ्याने हसेल. कोणी मध्येच हसायचे थांबेल. आणि एखादे मूल असे निघेल, की जे सुरुवातीपासूनच हसलेले नाही.