कबुलीजबाब आणि आत्मकथन : ‘उचल्या’च्या निवेदनस्थानाचा तौलनिक विचार

गुन्हा का घडतो, या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या शास्त्रांनी गुन्हेगाराचे शरीर तपासले, मन तपासले, पुढे त्याचे कुटुंब आणि परिस्थितीही तपासली. भारतातील वसाहतकालीन कायद्याने हा शोधच अनावश्यक ठरविला. १८३६ च्या ठगीविषयक कायद्यान्वये एखादा इसम ठगांच्या टोळीचा घटक आहे एवढे सिद्ध होणे जन्मठेपेस पुरेसे होते. विशिष्ट कृत्य सिद्ध होण्याची गरज नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच तत्त्व टोळीवरून जमातीपर्यंत नेले. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून अधिसूचित केली की त्या अधिसूचनेची वैधता न्यायालयात तपासता येत नसे. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडण्याचे बंधन, हे सारे जन्माबरोबर येत असे. गुन्ह्याचे कारण म्हणजे गुन्हेगाराचे कूळ, असे उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे ‘का’ हा प्रश्न विचारण्याचे प्रयोजन उरले नव्हते.

या कायद्यामागे एक निवेदनप्रकार उभा आहे, याकडे साहित्याभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ठगीविरोधी मोहीम प्रामुख्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर चालली. पकडलेला ठग आपली व साथीदारांची कृत्ये साहेबापुढे सांगे, साहेब ती टिपून घेई, आणि त्या टिपणांतून एका समूहाचे ‘ज्ञान’ तयार होई. फिलिप मेडोज टेलरची १८३९ साली प्रसिद्ध झालेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी याच प्रकाराचे वाङ्मयीन रूप होय. तिचा नायक अमीर अली प्रथमपुरुषी बोलतो, विस्ताराने बोलतो, रंगूनही बोलतो. परंतु तो बंदिवासातून बोलतो आणि त्याच्यासमोर एक साहेब बसलेला आहे. निवेदन अमीर अलीचे असले तरी संहितेची मालकी ऐकणाऱ्याकडे राहते. त्याच्या वक्तृत्वाची मोहिनी जितकी अधिक, तितकी त्याला कोठडीत ठेवण्याची गरज वाचकास अधिक पटते. टेलरच्या कौशल्याला दाद द्यावी लागते ती याच अस्वस्थ करणाऱ्या कारणासाठी.

टेलर निजामाच्या सेवेत होता आणि १८५० च्या दशकात त्याने नळदुर्ग परिसराचा कारभार पाहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे लातूरजवळचे धनेगाव त्या परिसरापासून फार दूर नाही. दोन्ही ठिकाणे निजामी मुलखातील. सुमारे दीडशे वर्षांच्या अंतराने त्याच मुलखातून ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन आले. योगायोगावर सिद्धान्त उभारू नये. पण कबुलीजबाब नोंदविणारा आणि ज्याचा कबुलीजबाब नोंदविला जातो तो, हे दोघे एकाच भूमीतले निघाल्यामुळे तुलनेला एक ठोसपणा येतो, एवढे खरे.

‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यावर विपुल लेखन झाले. त्यातील बरेचसे लेखन पुस्तकाकडे माहितीचा ठेवा म्हणून पाहणारे आहे. चोरीची तंत्रे, सांकेतिक शब्द, पंचायतीचे न्यायनिवाडे, विवाहाच्या रीती यांच्या याद्या देऊन हे लेखन थांबते. ही वाचनपद्धती नकळत साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसते. पुढ्यातील माणूस बोलत आहे, आपण टिपून घेत आहोत आणि त्यातून जमातीचे ज्ञान होत आहे, ही रचना १८३० च्या दशकातील रचनेपेक्षा वेगळी नाही. समीक्षकाचा हेतू सहानुभूतीचा असल्याने ती बदलत नाही.

प्रत्यक्षात गायकवाडांचे निवेदन या रचनेलाच नकार देते. त्यात चोरी आहे, पण कबुली नाही. कबुलीजबाबात निवेदक कृत्य आपल्याकडे ओढून घेतो. येथे तो कृत्य त्याच्या सर्व भागीदारांमध्ये वाटून दाखवितो. बाजारात खिसा कापणारा हा या व्यवहारातील सर्वांत दृश्य आणि सर्वांत गरीब घटक. चोरीचा माल पडत्या भावाने घेणारे प्रतिष्ठित आहेत. हप्ता घेणारे पोलीस आहेत. आणि हप्ता थकला किंवा वरून तपासाचा दबाव आला की तेच पोलीस वस्तीवर धाड घालतात. आजोबांची हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्याची बंदी यांमुळे प्रामाणिक कामासाठी हिंडणे अशक्य होते, आणि काम नाही म्हणून चोरी अटळ होते. ज्या निर्बंधांनी गुन्हा थांबावा असे म्हटले जाते तेच गुन्हा टिकवून धरतात. लेखक हे सूत्ररूपाने सांगत नाही. प्रसंगांच्या साध्या मांडणीतून ते वाचकासमोर येते.

मुलांच्या प्रशिक्षणाचा भाग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. लहान मुलाला चोरी शिकविताना त्याला मारही सोसायला शिकवावे लागते, म्हणजे पुढे पोलिसांच्या मारापुढे तो साथीदारांची नावे सांगणार नाही. घरातील माणसेच मुलाला बडवतात, आणि ही क्रूरता ममतेतून येते. येथे पोलीस कोठडी घराच्या आत शिरलेली आहे. अमीर अलीच्या दुनियेत बोलणे ही सुटकेची वाट होती. या वस्तीत न बोलणे हे जगण्याचे पहिले कौशल्य आहे. ज्या समाजात मौन असे शिकविले जाते, त्यातील एकाने चारचौघांत पुस्तक लिहिणे ही साधी वाङ्मयीन घटना नव्हे. मुलगा शाळेत जातो म्हणून वस्तीत रोगराई आली, असे वडीलधारे मानतात. या प्रसंगाला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारे वाचन तोकडे आहे. अक्षर म्हणजे नोंदवही, आणि नोंदवही म्हणजे हजेरी, हा त्या वस्तीचा पिढ्यांचा अनुभव या भीतीमागे असू शकतो.

फ्रेंच साहित्यातील झाँ जने याच्या ‘चोराची रोजनिशी’शी (१९४९) ‘उचल्या’ची तुलना करण्याचा मोह तौलनिक अभ्यासकाला होईल. सार्त्रने जनेवरील आपल्या ग्रंथात (१९५२) त्याच्या आयुष्यातील एका क्षणाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्या क्षणी मुलाला ‘चोर’ म्हटले जाते आणि तो ते नाव निवडून स्वतःचे करतो. ही मांडणी मराठी आत्मकथनाला लावताच निरुपयोगी ठरते. गायकवाडांच्या निवेदकाच्या आयुष्यात नाव ठेवण्याचा असा क्षण नाही, कारण ते नाव त्याच्या जन्माआधीच सरकारी दप्तरात लिहिले गेले होते. निवड करायला अवकाशच नसेल तर बंडाचे सौंदर्यशास्त्रही संभवत नाही. जनेला गुन्ह्यात दिसणारे तेज ‘उचल्या’त कोठेही नाही, आणि ती उणीव नव्हे.

उणीव आहे ती उत्तरार्धात. सूतगिरणीतील कामगार, मग संघटक, मग कार्यकर्ता असा प्रवास सुरू झाला की निवेदनाला अहवालाचे वळण लागते. सभा, मोर्चे, निवेदने यांची नोंद होते. परंतु वस्तीतील माणसे, विशेषतः स्त्रिया, मागे पडतात. पोलिसांच्या धाडीत सर्वाधिक भरडल्या गेलेल्या स्त्रियांचा आवाज पूर्वार्धात तुटक का होईना ऐकू येतो. उत्तरार्धात त्या प्रश्नाचे उदाहरण होऊन राहतात. गुन्हेगार ठरविलेला माणूस समाजाला स्वीकारार्ह व्हावा म्हणून त्याच्या कथेने सुधारणेची वाट धरावी, ही अपेक्षा बाहेरची आहे आणि लेखकाने ती काही अंशी मान्य केल्यासारखे वाटते. पी. ए. कोल्हारकरांच्या इंग्रजी अनुवादाला ‘द ब्रँडेड’ (१९९८) हे शीर्षक मिळाले, त्यातही हीच निकड दिसते. ‘उचल्या’ हा शब्द हाताच्या कृतीवरून पडलेला, वाचकाला टोचणारा. इंग्रजी शीर्षक ‘डागलेला’ म्हणजे ज्याच्यावर कृती झाली तो. अनुवादाने निवेदकाला निर्दोष ठरविले, पण मूळ शीर्षकातील बेदरकारपणा गमावला.

अनुवाद निघाला त्याच वर्षी, मार्च १९९८ मध्ये, गायकवाड, महाश्वेता देवी व गणेश देवी यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर जमातीतील बुधन शबर पोलीस कोठडीत मृत्यू पावला होता. १९५२ मध्ये विमुक्त झालेल्या जमातीचा हा तरुण. पोलिसांनी आत्महत्या म्हटले, प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि जुलैत निर्णय कुटुंबाच्या बाजूने लागला. त्यावर अहमदाबादच्या छारानगरमधील छारा तरुणांनी ‘बूधन’ हे नाटक उभे केले आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे विमुक्त दिनी, ते सादर केले. या नाटकात निवेदनस्थानाचा प्रश्न ‘उचल्या’च्या पुढे जातो. आरोपी मेलेला आहे, त्याची जबानी मिळणे शक्य नाही. बोलतात ते न्यायालयीन कागद, त्याची पत्नी आणि रंगमंचावरून थेट प्रेक्षकाला प्रश्न विचारणारा समूह. प्रेक्षकाला साहेबाची खुर्ची मिळत नाही. प्रश्न त्याच्याकडे वळलेला असतो. पोलिसांची भूमिका करणारे नटही छाराच असतात, आणि मारहाणीचा अभिनय ज्यांच्या वस्तीत तो मार खरोखर बसला आहे त्यांच्यासमोर होतो. बंगालमधील घटना, गुजरातमधील रंगभूमी आणि मराठी आत्मकथनाचा लेखक यांना जोडणारा धागा भाषेचा नाही, कायद्याचा आहे. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा मूळ कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाली होती. भारतीय साहित्याची तुलना भाषागटांऐवजी अशा कायद्याच्या क्षेत्रानुसार केल्यास ‘उचल्या’च्या शेजारी मराठीतील इतर आत्मकथनांआधी ‘बूधन’ची संहिता ठेवावी लागेल.