मराठेशाहींतील टांकसाळी : कागद आणि नाणें

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८९९ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें मराठी राज्यांतील नाणीं व टांकसाळी या विषयावर इंग्रजी निबंध वाचला. पेशवे दप्तरांतील कागदांच्या आधारें या विषयाची व्यवस्थित मांडणी करण्याचें श्रेय त्यांचें होय. टांकसाळ घालण्याचा परवाना सोनार-सराफांस द्यावा, वजन व कस बांधून द्यावा, त्याबद्दल सरकारनें ऐवज घ्यावा आणि हिणकस नाणें पाडल्यास शासन करावें, ही पद्धति त्या निबंधावरून स्पष्ट होते.

तथापि निबंधाचा भर मुख्यत्वें कागदावर आहे. सनदेवरून परवानगी सिद्ध होते. रुपया प्रत्यक्ष कसा पडला, हें नाणेंच सांगूं शकतें.

उलटपक्षीं, केवळ नाण्यावर विसंबणेंही धोक्याचें आहे. पुण्याचा अंकुशी रुपया घ्यावा. त्यावर पेशव्यांचें नांव नाहीं. फारसी लेखांत दिल्लीच्या बादशहाचें नांव, आणि टांकसाळीच्या जागीं औरंगजेबाच्या वेळचें ‘मुहियाबाद’. शिवाय ठसा मोठा व चकती लहान, त्यामुळें गांवाचें नांव पुष्कळदां नाण्याबाहेरच राहतें. मग अंकुशाची खूण पाहावी लागते. परंतु राज्य १८१८ सालीं गेलें तरी खूण गेली नाहीं. इंग्रजांनीं पुण्यास हा रुपया फसली सन घालून १८३४ च्या सुमारापर्यंत पाडला. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलुखास १८० ग्रेनांचा एकच रुपया ठरला. तेव्हां अंकुश दिसतांच नाणें पेशवाईंतील म्हणणें हा प्रमाद होय. सन वाचल्यावांचून निर्णय देऊं नये.

के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांनीं १९८९ च्या ग्रंथांत मराठ्यांच्या टांकसाळींचा विचार प्रत्यक्ष नाणीं समोर ठेवून केला, त्यामुळें रानड्यांच्या निबंधास आवश्यक ती जोड मिळाली. राहतें तें संग्राहकांचें काम, आणि तें स्थलनिश्चितीचें.

‘सुपें येथें मिळालें’ एवढीच चिठ्ठी नाण्यासोबत असेल तर ती निरुपयोगी आहे. एक सुपें पारनेर तालुक्यांत, पुणें-नगर रस्त्यावर. दुसरें बारामती तालुक्यांत, शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरींतील. पहिल्याच्या एका बाजूस अंकुशी रुपयाचें पुणें. दुसऱ्या बाजूस नगर, जेथें निजामशाहीचे तांब्याचे फलूस पडत व पुढें मोंगलांचीही टांकसाळ होती. कोणतें नाणें कोठवर चाले, याचा पुरावा अशा वाटेवरच्या गांवांतच मिळावयाचा. तालुका लिहिला नाहीं तर तो पुरावा बुडाला.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, नाणें घांसून उजळूं नये, गांवाबरोबर तालुका लिहावा, आणि सराफाच्या जुन्या वह्या रद्दींत घालूं नयेत. कोणत्या रुपयास किती बट्टा लागे, हें त्यांतच नमूद असतें. सनदेंत बांधून दिलेला कस प्रत्यक्षांत पाळला गेला कीं नाहीं, याचा खरा साक्षीदार तो बट्टाच होय.